कन्या राशीत खरोखर काय आहे?

वर्तमानपत्रातले राशिभविष्याचे पान हे आमच्या केममधल्या चहाच्या टपरीवर सगळ्यात आधी मळणारे पान. अग्रलेखाचे पान संध्याकाळी भजी बांधायला कोरे करकरीत शिल्लक असते, पण राशिभविष्याच्या पानाला दहा वाजेपर्यंत शंभर बोटे लागलेली असतात. कन्या राशीपुढे साधारण असे काहीतरी छापलेले असते: कामाचा ताण जाणवेल, जुनी येणी वसूल होतील, प्रकृतीला जपा. भारताची लोकसंख्या १४० कोटी धरली आणि तिला बारांनी भागले, तर एकेका राशीला साडेअकरा कोटी माणसे येतात. त्या साडेअकरा कोटींची जुनी येणी एकाच मंगळवारी वसूल होणार असतील, तर देशातल्या सगळ्या पतपेढ्या त्या दिवशी आनंदाने नाचायला हव्यात.

चेष्टा पुरे. माझे म्हणणे मी सरळ मांडतो. कन्या राशीत जे खरोखर आहे, ते या रकान्याने आपल्याला कधी सांगितले नाही. आणि जे तिथे नाही, ते मात्र आपल्या गळ्यात बांधले. नुकसान दोन्हीकडून झाले. एका बाजूला आपले आकाश गेले आणि दुसऱ्या बाजूला आपल्या पोरींची लग्ने मोडली.

आधी, तिथे काय आहे ते पाहू. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. खगोलशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण शाळेत भूगोल शिकवताना वाचनाची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कोणाही वाचणाऱ्याला कळेल इतपतच आहे.

चार्ल्स मेसिए नावाचा एक फ्रेंच निरीक्षक होता. त्याला धूमकेतू शोधण्याचा नाद. आकाशात धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे पुसट ठिपके त्याला फसवायचे, म्हणून त्याने अशा ठिपक्यांची यादीच करून ठेवली. त्या यादीतला ८७ वा ठिपका त्याने मार्च १७८१ मध्ये कन्या तारकासमूहात नोंदवला. तोच आजचा एम-८७. कन्येच्या त्या भागात असे ठिपके दाटीने आहेत, हेही त्याच्या ध्यानात आले होते. ते काय आहेत हे मात्र त्याला कळणे शक्य नव्हते. ते कळायला आणखी जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली.

तो ठिपका म्हणजे एक दीर्घिका आहे. इथे एक शब्द नीट करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांनी त्याचा घोटाळा करून ठेवला आहे. 'आकाशगंगा' हे आपल्या घरच्या दीर्घिकेचे नाव. तिच्यासारख्या तारकांच्या सगळ्या प्रचंड वस्त्यांना मराठीत 'दीर्घिका' असा चांगला शब्द आहे. प्रत्येक दीर्घिकेला आकाशगंगा म्हणणे म्हणजे प्रत्येक नदीला भीमा म्हणण्यासारखे आहे.

आपली आकाशगंगा चक्राकार, भुजा असलेली. एम-८७ तशी नाही. ती लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या जातीतली, आणि त्यातही जवळजवळ गोल. भुजा नाहीत, नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू फारसा उरलेला नाही, त्यामुळे बहुतेक तारे म्हातारे आणि पिवळसर-तांबूस. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांची वस्ती म्हणा. पण या म्हातारीला कमी लेखू नका. आपल्या आकाशगंगेभोवती ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ दीडशेच्या आसपास आहेत. एम-८७ भोवती ते सुमारे बारा हजार आहेत. तिच्या गाभ्यातून एक सरळ, निळसर झोत बाहेर पडतो. १९१८ साली हेबर कर्टिस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने तो छायाचित्रात पाहिला. तो काही हजार प्रकाशवर्षे लांब आहे. आणि त्या गाभ्यात एक कृष्णविवर आहे, ज्याचे वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांइतके भरते. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराचे पहिले चित्र पाहिले, अंधाराभोवती नारिंगी कडे असलेले, ते याच एम-८७ च्या गाभ्याचे. त्यासाठी पृथ्वीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतल्या सात रेडिओ दुर्बिणी एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी तिच्याकडे रोखल्या होत्या.

एम-८७ एकटी नाही. तिच्याभोवती हजाराहून अधिक दीर्घिकांचा मोठा गोतावळा आहे. त्याला कन्या दीर्घिका-समूह म्हणतात. तो आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. तो वर्षभरात जेवढे अंतर तोडतो ते एक प्रकाशवर्ष. म्हणजे आज एम-८७ चा जो प्रकाश आपल्या डोळ्यात शिरेल, तो तिथून साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. आमच्या भागात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो ज्या लाव्हाचा बनला तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत होता. तो थिजून दगड होऊन एक कोटी वर्षे लोटली, मग हा प्रकाश निघाला. हिमालय तेव्हा उभा राहायचा होता. माणूस तर कुठेच नव्हता.

आता विचार करा. कन्या राशीत हे एवढे वैभव आहे. आणि आपल्याला तिथून आलेला निरोप कोणता सांगितला जातो? जुनी येणी वसूल होतील!

कोणी म्हणेल, राशीतल्या राशीला वेगळी आणि आकाशातली कन्या वेगळी. बरे, तेही तपासू. आपल्या पंचांगाच्या निरयन पद्धतीने मोजले तर एम-८७ कन्या राशीतच पडते, आणि नक्षत्र येते उत्तरा. म्हणजे पंचांगाच्या हिशेबानेही ती कन्येचीच. पाश्चात्त्यांच्या सायन पद्धतीने मोजाल तर तीच दीर्घिका तूळ राशीत जाते. वस्तू तिथेच आहे, फक्त मोजपट्टी कुठून धरली एवढाच फरक. ज्या रेषा माणसाने सोयीसाठी आखल्या, त्या आपल्या कपाळावर कधी उमटल्या हे मला समजत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे, की कन्या ही जागा नाहीच. ती फक्त एक दिशा आहे. चित्रा नक्षत्राचा ठळक तारा सुमारे २५० प्रकाशवर्षांवर. त्याच कन्येतला पोरिमा हा तारा जेमतेम ३८ प्रकाशवर्षांवर. आणि एम-८७ साडेपाच कोटींवर. केम स्टेशनच्या फलाटावर उभे राहून पाहिले तर समोरचा सिग्नल, त्यामागची बाभळ आणि तिच्याही मागचा उगवता चंद्र एका ओळीत दिसू शकतात. म्हणून सिग्नल, बाभळ आणि चंद्र यांचे एक कुटुंब झाले, असे आपण म्हणत नाही. आकाशात मात्र आपण नेमके तेच केले. एका ओळीत दिसणाऱ्या ठिपक्यांना कुटुंब मानले, त्याला नाव दिले, स्वभाव दिला, मित्र दिले, शत्रू दिले आणि शेवटी त्या शत्रुत्वाच्या नावाने जिवंत माणसांची नाती तोडली.

हे तोडणे मी जवळून पाहिले आहे. ओळखीच्या एका शेतकऱ्याची मुलगी, माझीच विद्यार्थिनी. डी.फार्म. झालेली, औषधाच्या दुकानात नोकरी करून धाकट्या भावाचे शिक्षण बघणारी. कुर्डुवाडीकडचे स्थळ आले. मुलगा पसंत, मुलगी पसंत, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. मग पत्रिका जुळवायला गेल्या. मुलीची रास कन्या, मुलाची मेष. पत्रिका बघणाऱ्याने सांगितले, मृत्युषडाष्टक. म्हणजे मेषेपासून मोजले तर कन्या सहावी येते आणि कन्येपासून मोजले तर मेष आठवी. आठवे घर मृत्यूचे, आणि वर या दोन राशींचे स्वामी मंगळ आणि बुध एकमेकांचे वैरी. एवढ्यावर निकाल लागला.

मुलीचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगं चांगलं हाय, मानसं चांगली हायती. पण मृत्यू म्हणलं की घरातल्या बायकांनी अंग काढलं. आता तुमीच सांगा, काय करावं?" मी मुलाकडच्या मंडळींशी बोललो. सभ्य माणसे. त्यांनी माझा मान ठेवला, चहा दिला, आणि ते म्हणाले, "सर, आमचा काही विश्वास नाही हो, पण उगाच मनाला रुखरुख नको." स्थळ गेले. मुलगी मला एवढेच म्हणाली, "सर, माझ्यात काय कमी आहे ते सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. यावर मी काय बोलू?"

मंडळी, केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. इथले कुंकू गावोगावच्या बायकांच्या कपाळी लागते. त्या गावच्या पोरीचे कुंकू सहा आणि आठ या दोन आकड्यांनी अडवावे, याला मी परंपरा म्हणायला तयार नाही. मी याला अन्याय म्हणतो.

आणि गंमत पाहा. त्या बैठकीत मुलाचा रक्तगट कोणी विचारला नाही. तो दारू पितो का, डोक्यावर कर्ज किती, मुलीने नोकरी चालू ठेवलेली चालेल का, हे कोणी विचारले नाही. जे विचारायला हवे त्याची जागा पत्रिकेने बळकावली आहे. पत्रिका पाहिली की चौकशी झाली, असे समाधान मिळते. माझा पत्रिकेवर खरा राग यासाठी आहे. शिवाय ही पत्रिका किती पवित्र, तेही गावाला ठाऊक आहे. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांच्या जन्मवेळा 'गुरे घरी यायच्या वक्ताला' अशा नोंदलेल्या! आणि जुळत नसेल तर जुळणारी पत्रिका करून देणारेही आहेतच. ज्यांचा विश्वास आहे तेच ती बदलून घेतात, मग तो विश्वास तरी कसला?

आता नेहमीचे तीन आक्षेप. मला ते तोंडपाठ झाले आहेत.

पहिला: हे आपल्या पूर्वजांचे ज्ञान आहे, त्याला नावे ठेवू नका. अहो, पूर्वजांच्या ज्ञानाला कोण नावे ठेवते? पंचांगाचे गणित हे अस्सल ज्ञान आहे. ग्रहण कधी लागेल हे दुर्बीण नसताना गणिताने सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. पण गणित वेगळे आणि फल वेगळे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा मराठी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. दीक्षित हे आमच्यासारखे शाळामास्तरच. त्यांनी आयुष्य घालवले ते प्राचीन ज्योतिषगणिताचा इतिहास आणि कालगणना तपासण्यात, आकाश आणि पंचांग यांचा मेळ बसतो की नाही हे पाहण्यात. ज्याला पूर्वजांचा अभिमान आहे त्याने तो ग्रंथ उघडावा. मोबाइलवर गुण जुळवून देणाऱ्या ॲपमध्ये पूर्वज नाहीत, दुकान आहे.

दुसरा: अनुभव येतो. ठीक आहे, अनुभव मोजू. तो मोजण्याचा प्रामाणिक प्रयोग आपल्या पुण्यातच झाला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह तो केला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे पत्रिका घेतल्या. तयार झालेल्या ५१ ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि एवढेच विचारले, यातली हुशार कोणती आणि मतिमंद कोणती ते सांगा. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून छापा-काटा केला असता तर पन्नास टक्के आली असती! एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. म्हणजे पुन्हा छापा-काटाच. मुलाची बुद्धी ही आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, ती जर पत्रिकेत दिसत नसेल, तर कोणाचा मृत्यू कोणामुळे होणार हे तिथे कसे दिसेल?

या प्रयोगातले डॉ. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळ्या घालून मारले गेले. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, ते आजही वाचायला मिळतात. ज्यांना ते चुकीचे वाटतात त्यांनी तसाच, तेवढ्याच कडक अटींचा प्रयोग करून दाखवावा. बंदुकीने किंवा शापाने आकडे बदलत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात चलाख: मग तुमच्या त्या दीर्घिकेचा तरी काय उपयोग? तिने उसाला दर मिळतो का? नाही मिळत. मी खोटे कशाला सांगू? एम-८७ मुळे उजनीत पाणी वाढणार नाही आणि कोणाचे लग्न जमणार नाही. पण तिच्यामुळे कोणाचे लग्न मोडतही नाही. आणि एक गोष्ट ती जरूर शिकवते. कर्टिसने जे पाहिले ते दुसऱ्याला पाहता येते, तपासता येते, चुकले तर खोडता येते. कृष्णविवराचे ते चित्र जाहीर होण्याआधी वेगवेगळ्या गटांनी एकमेकांना न विचारता तेच आकडे घेऊन स्वतंत्रपणे चित्र काढले आणि मग ती ताडून पाहिली. मला सांगा, एकमेकांना न विचारता पत्रिका पाहणारे तीन ज्योतिषी एकाच उत्तराला आलेले आपण किती वेळा पाहिले? तपासून मग मानण्याची ही सवय लागली, तर तिचा उपयोग उसाच्या वजनकाट्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे होतो. आपल्या संविधानात १९७६ सालापासून वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले आहे. आम्ही शिक्षकांनी ते फळ्यावर लिहिले, मुलांनी वहीत उतरवले, परीक्षेत दोन गुणही मिळवले. लग्नाच्या बैठकीत मात्र ती वही कोणी उघडत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून ज्योतिषी मंडळी कदाचित खूश होतील. कन्येचा आपल्यावर प्रभाव पडतो हे खरे आहे! विश्व प्रसरण पावते आहे, त्यामुळे एम-८७ आपल्यापासून सेकंदाला सुमारे १३०० किलोमीटर वेगाने दूर जाते आहे. पण कन्या समूहाचे वस्तुमान इतके प्रचंड आहे, की त्याच्या ओढीमुळे आपली आकाशगंगा जेवढी दूर जायला हवी होती तेवढ्या वेगाने जात नाही. ती ओढ खरी आहे, मोजलेली आहे. एवढेच नव्हे, ज्या विशाल दीर्घिका-महासमूहाच्या कडेला आपली आकाशगंगा आहे, त्याचे नाव त्याच्या मध्याशी असलेल्या समूहावरून कन्या महासमूह असेच पडले आहे.

म्हणजे हिशेब असा झाला. ती ओढ त्या मुलीवर आहे तेवढीच त्या मुलावर आहे. मेषेवर आहे तेवढीच कन्येवर, सरपंचावर आहे तेवढीच सालगड्यावर, आणि पत्रिका बघणाऱ्यावरही तेवढीच. विश्वाच्या पत्त्यात आपल्या सगळ्यांची रास एकच आहे, कन्या. मग षडाष्टक कोणाचे कोणाशी?

हे सारे संशोधन दूरदेशीच चालते असेही समजू नका. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा संच आहे, तो डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. आणि २०१७ साली पुण्याच्या 'आयुका' आणि 'आयसर' या संस्थांतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा एक महासमूह शोधून त्याला 'सरस्वती' नाव दिले. तो कुठल्या दिशेला आहे माहीत आहे? मीन तारकासमूहाच्या. त्या आठवड्यात मीन राशीच्या किती लोकांना आपल्या राशीत सरस्वती सापडल्याचे कळले असेल? त्यांना 'प्रवासात काळजी घ्या' एवढेच कळले असणार.

माझ्या मागण्या फार नाहीत. संपादकांनी राशिभविष्य बंद करावे असे मी म्हटले तर ते हसतील, कारण ते पान खपते. निदान महिन्यातून एकदा तरी त्याच रकान्यात, त्याच राशीच्या नावाखाली, त्या दिशेला आकाशात खरोखर काय आहे ते चार ओळींत छापा. शिक्षकांनी सहल काढताना एक रात्र अंधारात काढावी. चैत्र-वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमारास चौकातल्या हायमास्ट दिव्यापासून दूर रानात जावे. उत्तरा नक्षत्राचा तारा आणि कन्येतला विंडेमिॲट्रिक्स हा तारा यांच्या साधारण मध्यावर लहानशी दुर्बीण लावावी. केमच्या अक्षांशावरून एम-८७ जवळजवळ डोक्यावरून जाते. दिसेल तो फक्त एक धुरकट ठिपका. तो कुठून आणि कधी निघाला हे मुलांना सांगा, मग पाहा त्यांचे चेहरे.

आणि मुलामुलींच्या आईवडिलांना माझे हात जोडून सांगणे आहे. पत्रिका मागू नका आणि देऊ नका. रक्त तपासा, स्वभाव तपासा, व्यसन आणि कर्ज तपासा, आणि दोघांना एकमेकांशी तासभर बोलू द्या. समोरच्यांनी पत्रिका मागितलीच, तर म्हणावे, आमची रास कन्या आहे आणि तुमचीही तीच आहे. आता तारखेचे बोला.